ती उठली नाही

१

दुपारी कामाच्या मावशी बाबांना भरवून, भांडी आवरून गेल्या की घर तिच्या एकटीचं होई. म्हणजे तिचं आणि बाबांचं; पण बाबा आता मोजण्यात येईनासे झाले होते, आणि हे असं मनात आलं की तिची तिलाच लाज वाटे.

पुस्तकं वाचून दाखवणं हा तिचा धंदा. लोक तिचा आवाज कानात घालून स्वयंपाक करत, बसमध्ये डुलक्या घेत, व्यायामशाळेत घाम गाळत. घरातल्या अडगळीच्या खोलीतली अडगळ तिने गच्चीवर धाडली होती आणि भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या. मधोमध माइक, समोर कॉम्प्युटर आणि बसायला एक लाकडी स्टूल. हे स्टूल मोठं वात्रट होतं. बसताना गप्प राहायचं आणि उठताना मात्र हटकून कुईकन ओरडायचं. वाचायला बसताना ती हातातलं घड्याळ काढून ठेवी, अंगात बाबांचा जुना मऊ स्वेटर घाली, कारण सुळसुळीत कपड्यांचा आवाज माइक पकडतो. आणि पायांत करडे लोकरी मोजे, कारण तिच्या पायांना म्हणून स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं.

मग बाबांच्या खोलीत एक चक्कर. उशी नीट करायची, पाण्याचा पेला डाव्या हाताला सरकवायचा, स्टीलचा चमचा त्याच हातात द्यायचा.

"काही लागलं तर दांडीवर वाजवा हं बाबा. मी आलेच समजा."

"हं," बाबा म्हणत.

बाबांनी जन्मभर शाळेत भाषा शिकवली होती. साधं ‘सकाळ झाली’ असं म्हणणं त्यांच्या जिवावर येई. पूर्वेचे दरवाजे उघडल्याशिवाय त्यांची सकाळ होत नसे. लहानपणी ती त्यांच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून मोठ्याने, हातवारे करत वाचायची, आणि ते डोळे मिटून ‘वा! पुन्हा एकदा’ म्हणायचे. तिचा धंदा तिथूनच आला. वर्षापूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि एवढ्या मोठ्या भांडारातून तीन शब्द तेवढे हाती राहिले: पाणी, हं आणि नको.

सध्या तिच्याकडे एक काळोखी रहस्यकादंबरी होती. एक बाई, तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा, दोघांमध्ये एक भिंत. तो मेला तो कसा, एवढाच प्रश्न. लेखिका पूर्वी नर्स होती म्हणे. रुग्णाच्या तक्त्यावर लिहावं तशी तिची वाक्यं होती. ‘दार उघडं होतं. दिवा जळत होता. तिने पाणी ओतलं आणि पेला दूर ठेवला.’ बस. का दूर ठेवला, मनात काय होतं, चेहरा कसा झाला, अवाक्षर नाही.

सुरुवातीला तिने सवयीप्रमाणे त्यात जीव ओतला. ध्वनिमुद्रण साफ करणाऱ्या माणसाने ते परत पाठवलं. हा शहराच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्याचे कान खरंच तसे होते.

"ताई, तुम्ही रडताय," तो फोनवर म्हणाला. "पुस्तक रडत नाहीये."

"मग करू काय?"

"काहीच नका करू. टेबलावर पेला ठेवतो ना, तसं वाक्य ठेवा आणि हात काढून घ्या. पुढचं उचलायची घाई नको. ह्या बाईने सगळं मधल्या जागेत ठेवलंय."

तिने करून पाहिलं. जमलं, आणि मग चटकच लागली. घरातली प्रत्येक वस्तू दिवसभर तिला काहीतरी विचारत असे: गोळी दिली का, चादर बदलली का, दादाला फोन केला का. ही वाक्यं तिला काही विचारत नव्हती. ती नुसती समोर उभी राहत आणि बाजूला होत. रजयांच्या त्या खोलीत जाऊन दार लावलं की तिला हलकं वाटे. इतकं हलकं वाटणं बरं नव्हे, हेही तिला कळत होतं.

२

कादंबरीच्या मध्यावर ते वाक्य आलं. नवरा पलीकडून हाक मारतो आणि बायको ऐकते.

‘हाक आली. ती उठली नाही.’

तिने ते किती वेळा म्हटलं असेल, पण दर वेळी त्यात काहीतरी जास्तीचं शिरत होतं. कधी दुष्टपणा, कधी थकवा. वाक्याला दोन्ही नको होतं. तिने पुन्हा श्वास घेतला, म्हणाली, "हाक आली," आणि भिंतीपलीकडे चमचा वाजला.

टक. टक.

हेडफोनमधून, रजयांमधून, अगदी बारीक. पाणी हवं असेल. किंवा कूस बदलायची असेल. एवढंसं काम. पण आत्ता उठावं तर स्टूल ओरडणार, श्वास तुटणार, हा सूर पुन्हा सापडणार नाही. तिने पुढचे तीन शब्द उच्चारले. ते जसे हवे होते अगदी तसेच पडले, कोरडे आणि सरळ. प्रकरण तिथेच संपत होतं.

धंद्याची एक रीत होती. प्रकरण संपलं की माइक चालू ठेवून थोडा वेळ नुसतं बसून राहायचं आणि खोलीची शांतता नोंदवून घ्यायची. वाक्यांमधला खोकला, घोट, पानाचा आवाज कापून काढला की तिथे भोक पडतं, आणि ते ह्या शांततेने बुजवायचं असतं. ती शांतता त्याच खोलीतली आणि माणूस बसलेला असतानाचीच लागते. ‘रिकाम्या खोलीची शांतता पोकळ लागते, ताई,’ कानसेन नेहमी सांगे. ‘माणूस असलं की ती भरते.’

ती बसून राहिली. पलीकडे चमचा पुन्हा वाजला, एकदाच. तिने डोळे मिटून घेतले. झालं, आता उठतेच, असं स्वतःला सांगत तिने ती शांतता पुरी होऊ दिली.

गेली तेव्हा पेला जमिनीवर होता. बाबांनी स्वतः घ्यायचा प्रयत्न केला असावा. शर्टाची बाही भिजून गार झाली होती आणि ते भिंतीकडे पाहत होते.

"अगं बाई! माझा डोळाच लागला होता बाबा," ती म्हणाली. "आवाजच नाही आला."

"हं," बाबा म्हणाले.

शर्ट बदलताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी कानसेनचा निरोप आला. ते एक वाक्य आपण परत परत ऐकलं, असं वाचणं आपण आजवर ऐकलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने तो निरोप पुन्हा एकदा वाचला, हेही खरं.

३

काही दिवसांनी त्याचा फोन आला.

"ताई, एक गंमत झालीय. त्या मधल्या प्रकरणाची शांतता फार छान होती, म्हणून मी तीच आतापर्यंतच्या पुस्तकभर वापरली. जिथे भोक तिथे तीच. आता सलग ऐकतोय तर तिच्यात काहीतरी आहे. बारीक. टक, असं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुस्तकभर?"

"प्रत्येक वाक्यानंतर म्हणा ना. वाईट नाही लागत, उलट अंगावर काटा येतो. पण चूक ती चूक. कसला आवाज आहे तो?"

"पाईप," ती म्हणाली. "जुनी इमारत आहे."

"मग पाईप झोपला असताना नवी शांतता द्या बघू," तो हसत म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी संधी आली. मावशी बाबांना व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेल्या. चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये शिरलेली तिने डोळ्यांनी पाहिली. मग तिने फ्रिज बंद केला, नळ आवळले, बाबांच्या खोलीत डोकावून पाहिलं. पलंग रिकामा होता. चमचा उशीजवळ होता. तो तिने उचलून स्वयंपाकघरातल्या खणात टाकला आणि खण लावून घेतला. मग स्टुलावर बसून, हात मांडीवर ठेवून, तिने शांतता नोंदवली. कानांना काहीही ऐकू आलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिने ते लावून ऐकलं.

टक. टक.

तिने आवाज वाढवला. टक, टक, आणि मग थोड्या वेळाने एक कुई. अगदी जवळून. माइकच्या इतक्या जवळ ह्या घरात एकच वस्तू होती, आणि त्या वेळी ती स्वतः तिच्यावर बसलेली होती. हलली नव्हती. आपण हललो नव्हतो, हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं.

ती शहाणी बाई होती. शहाण्या माणसाने करावं ते सगळं तिने केलं. वायर बदलली. वरच्या मजल्यावर जाऊन विचारून आली. जुनी नोंद नव्यावर चुकून चढली असेल म्हणून सगळं पुसून पुन्हा नोंदवलं. पुन्हा ऐकलं. चमचा होता. कुई होती. आणि ह्या वेळी कुईनंतर दाराची कडी हळूच निघाल्याचा आवाज होता, कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून काढतात तसा.

कुणीतरी हाक ऐकून उठून गेलं होतं. ती दाराकडे पाहत राहिली. कडी लावलेलीच होती.

४

चमचा तिने खणातून काढून पुन्हा बाबांच्या हातात दिला, पण त्यानंतर त्यांनी तो वाजवणं सोडलं.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. दुपारभर सलग वाचता येऊ लागलं, कादंबरी भराभर पुढे सरकली. संध्याकाळी ती बाबांच्या खोलीत जाई तेव्हा सगळं जिथल्या तिथे असे. पेला भरलेला. बाही कोरडी. पांघरूण पायांखाली नीट खोचलेलं, त्यांना आवडायचं तसं. ते तसं खोचायला वेळ लागतो म्हणून तिने अलीकडे सोडूनच दिलं होतं. आणि कोपऱ्यात असायची ती खुर्ची पलंगाला लागून, अगदी गुडघे टेकतील इतकी जवळ.

"मावशी, जाताना तुम्ही खुर्ची ओढून ठेवता का?" तिने विचारलं.

"मी कशाला ओढू? ती तुमचीच ना दुपारची," मावशी म्हणाल्या. "तुम्ही फार करता हो ताई बाबांचं. मी रोज सकाळी विचारते, काल दुपारी लेक बसली होती का, तर कसे हसतात! अर्ध्या तोंडानं, पण हसतात. मी कितीतरी घरं पाहिली. एवढं कुणी करत नाही."

इथे तोंड उघडायला हवं होतं. मावशी, मी नसते तिथे, मी भिंतीच्या ह्या बाजूला असते, कानांवर हेडफोन चढवून. पण मावशींचे डोळे मायेने भरून आले होते आणि बऱ्याच दिवसांत कुणी तिच्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

"आपलं माणूस आहे," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

रविवारी परदेशातून दादाचा फोन आला. बाबांना पडद्यावर पाहून तो चकित झाला. "चेहरा काय खुललाय त्यांचा! तू होतीस म्हणून गं. माझ्यानं नसतं झालं." तिने तेही पदरात पाडून घेतलं. दुसऱ्याचं उष्टं आपण मिटक्या मारत खातोय, असं तिला फोन ठेवल्यावर वाटलं.

त्या रात्री तिने बाबांचे पाय दाबत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, दुपारी तुमच्याकडे कोण येतं?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांची नजर हल्ली तिच्यावर फार वेळ ठरत नसे. त्या दिवशी ठरली. काहीतरी पडताळून पाहत असल्यासारखे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलून तिच्या गालाकडे नेला, आणि लावायच्या आधीच मागे घेतला. परक्या माणसाला चुकून हात लावायला जावं आणि ओशाळावं, तसा.

५

शेवटचं प्रकरण एका स्वच्छ, उन्हाच्या दुपारी वाचायला घेतलं. रस्त्यावर कुणी गालिचा झटकत होतं, तेही थांबलं. बाबांना चमचा देताना ती नेहमीचं बोलली नाही. ‘आलेच’ हा शब्द तोंडातून निघेना.

कादंबरीत आता सगळं उघड होत होतं, म्हणजे त्या लेखिकेच्या पद्धतीने. पोलीस विचारतात, तुम्ही हाक ऐकली का? बाई म्हणते, ऐकली. एवढंच. तिने ते वाचलं, वाक्य ठेवलं, हात काढून घेतला. आणि त्या मधल्या जागेत चमचा वाजला.

टक. टक.

किती दिवसांनी. आणि हेडफोनमध्ये नाही. तिने तो उतरवून पाहिला. भिंतीपलीकडे, खरा.

ह्या वेळी तिने विचार केला नाही. शेवटची दोन पानं राहिली होती, सूर लागला होता, तरी ती उठली. स्टूल कुईकन ओरडलं. तिला त्या आवाजाचा आनंद झाला. कडी काढून ती बाहेर आली. बोळातली फरशी उन्हाने तापली होती आणि मोज्यांतून ऊब लागत होती. आलेच बाबा, आलेच, असं ती पुटपुटत होती.

बाबांच्या खोलीचं दार किलकिलं होतं, आणि आत कुणीतरी वाचत होतं.

तिला आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. तो तिचाच होता. पण माइकसमोरचा नव्हे. त्याच्या कितीतरी आधीचा. पूर्वेचे दरवाजे उघडत होते, सोन्याचे कलश सांडत होते, पाखरांना कंठ फुटत होते. आवाज चढत होता, थांबत होता, लाडात येत होता. त्यात काही कापलेलं नव्हतं. आणि बाबा हसत होते. घशातून, घरघरत, अर्ध्या तोंडाने, पण मनापासून. मग ते एक शब्द बोलले. त्यांच्याकडे उरलेल्या तिन्हींतला नव्हता तो.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

तिने दार बोटभर ढकललं. फटीतून पलंगाची दांडी दिसली, बाबांचा गुडघा, खुर्चीचा मागचा पाय. खुर्चीखाली एक पाऊल होतं. करडा लोकरी मोजा, टाचेला विरलेला. पाऊल थोडं हलत होतं. स्वस्थ बसणं ठाऊक नसल्यासारखं.

तिने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. डाव्या टाचेला मोजा विरला होता.

वाचणं थांबलं. कुणी मध्ये आलं की, ते जाईपर्यंत माणूस थांबतं, तसं. बाबांनी मान वळवली. फटीतून त्यांना ती दिसली, ह्यात शंका नाही. त्यांनी चमचा उचलला. वाजवला नाही. तिच्याकडे रोखून धरला आणि हळूहळू आडवा हलवला.

"नको," ते म्हणाले.

रागाने नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणतात तितक्याच शांतपणे. तिने दार ओढून घेतलं, आवाज न करता, कारण आवाज न करणं हेच तर तिला येत होतं. बोळात उभं राहून तिने रडू येतंय का पाहिलं. शरमेने कान तापले होते. पण त्या शरमेच्या खाली, अगदी तळाशी, हायसं वाटत होतं. आता जायला नको. कुणीतरी जातंय. ही त्याहून मोठी शरमेची गोष्ट होती. ती तिने कुणालाही सांगितली नसती.

ती परत येऊन स्टुलावर बसली. उरलेली दोन पानं तिने वाचली. पुसायला एकही चूक झाली नाही. शेवटी, रीतीप्रमाणे, तिने खोलीची शांतता नोंदवली आणि सगळं पाठवून दिलं.

कानसेनचा फोन लवकरच आला.

"ताई, काय वाचलंत! एक कण जास्तीचा नाही. पुस्तकाला अगदी हवं ते." तो थोडा घुटमळला. "फक्त ती शेवटची शांतता. टकटक गेली, फार चांगलं झालं. पण ती जरा पोकळ लागतेय. श्वास नाही, काही नाही. नोंदवताना तुम्ही खोलीत होतात ना?"

"होते की," ती म्हणाली.

"मग माझेच कान गेले म्हणायचे," तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

तिने छातीवर हात ठेवला. स्वेटर मऊ होता. भिंतीपलीकडे चमचा वाजला, टक, टक, आणि ती वाट पाहत बसली. तिच्या खालचं स्टूल कुईकन ओरडलं. दाराची कडी हळूच निघाली.

ती उठली नाही.